पत्रा वाजायला लागला की थांबायचं

गणपती गेले की आमच्या कोरेगावच्या आळीत चिंच मिळेनाशी व्हायची. घट बसायला पंधरा-वीस दिवस उरलेले असतात आणि घरोघरच्या बाया देव घासायला काढतात. समया, ताम्हन, घंटा आणि देव्हाऱ्यातले टाक. टाक म्हणजे तळहातात मावेल एवढा चांदीचा पातळ पत्रा. त्यावर उठवलेला खंडोबा, भवानी, जोतिबा, नाहीतर घरातलं मेलेलं माणूस. भादव्याचं ऊन असं असतं की पाठीवर कुणी तापलेलं ताट ठेवलंय असं वाटावं. त्या उन्हात चिंचेनं घासलेले देव सुपात वाळत घालायचे. त्यातले झिजलेले, फाटलेले असतील ते फडक्यात बांधून माझ्याकडे आणायचे. मी टाक ठोकणारा माणूस. चौथी शिकलो, मग बापानं हातात हातोडी दिली, ती अजून सुटली नाही.

यंदाही भादवा आला. ऊन तेच, चिंच तीच, शेजारच्या अंगणात वाळत घातलेल्या शेंगांचा ओला मातकट वास तोच. मला त्या वासाचा राग येतो. उन्हाचा येतो.

सरळच सांगतो, सगळ्याचाच येतो. माझी बायको शालन जाऊन वर्ष झालं. आषाढात वर्षश्राद्ध झालं. तरी अजून लोक दारावरून जाताना थांबतात आणि मान हलवत म्हणतात, "लय सोशीक हुती बाई." म्हणताना तोंड असं गोड करतात, जसं काही तिला मानपत्र देतायत. सोशीक! बैलाला म्हणावं सोशीक. उंबऱ्याला म्हणावं, रोज सगळे त्याच्यावरून जातात. बाईला सोशीक म्हणलं की म्हणणारा सुटतो, कारण सोसायला लावलं कुणी, हे मग कुणी विचारत नाही. मला विचारायला पाहिजे होतं. कुणीच विचारलं नाही. चहा पिऊन गेले.

दहाव्याला नदीवर नात्यातला एक शहाणा भेटला. खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "आण्णा, टाकीचं घाव सोसल्याबिगर देवपण येत न्हाई. वहिनी देव झाल्या बघा."

मी त्याचा हात झटकला. म्हणलं, "तू कवा देव केलाईस का रं?"

तो नदीकडं बघायला लागला.

"मी केल्यात. सगळा जल्म त्यातच गेला. नुसत्या घावानं देव हुत न्हाई. नुसत्या घावानं पत्रा फाटतो."

लोकांना वाटलं, म्हातारा दुःखानं बिघडला. बिघडलो नव्हतो. धंद्यातली गोष्ट सांगत होतो.

ती गोष्ट अशी आहे. चांदी मऊ असते हे शेंबड्या पोरालाही माहीत. ठोकली की पसरते, पसरली की पातळ होते आणि ठशाच्या खाचाखोचांत शिरून नाक, डोळे, हात घेते. पण प्रत्येक घावाला ती थोडी थोडी कडक होत जाते, हे कुणाला माहीत नसतं. बघून कळत नाही. तशीच पांढरी, तशीच चकचकीत. आतून मात्र तिचं वळणं संपत आलेलं असतं. तेव्हा हातोडी खाली ठेवायची. पत्रा विस्तवावर धरायचा, मंद लाल होऊ द्यायचा, पाण्यात सोडायचा. चर्र होतं आणि परत मऊ. ह्याला ताव देणं म्हणतात. मग परत ठोका, परत ताव द्या. ताव चुकवला की पत्रा उकलतो. आधी केसाएवढी रेघ दिसते, आणि रेघ दिसली तेव्हा उशीर झालेला असतो.

सगळ्यांची जात वेगळी. लोहाराचा कोयता लाल करून पाण्यात घातला की कडक होतो, चांदी-तांबं मऊ होतं. कासं थंडपणी ठोकलं तर काचेसारखं फुटतं. बिडाला वळणं ठाऊकच नाही. आणि शिसं! शिसं कितीही बडवा, मऊ ते मऊच. त्याला ना ताव लागतो ना लाज. टाक करताना खाली ठसा, ठशावर चांदी आणि चांदीवर शिशाचा तुकडा ठेवून वर हातोडी मारतात, म्हणजे चांदीला ओरखडा येत नाही. जगात शिशासारखी माणसंही असतात. पण ती फार नसतात, आणि आपण ज्याला शिसं समजतो ते बहुतेक वेळा चांदी असतं.

आता ताव कधी द्यायचा, हे कळायचं कसं? कानानं. मऊ पत्र्यावर घाव पडला की भाकरी थापल्यासारखा आवाज येतो, ढब्, ढब्. कडक व्हायला लागला की पत्रा वाजायला लागतो. टण असं नाही, टणच्या थोडं अलीकडचं. माझ्या बापाला ते ऐकू यायचं. मला अर्धवट यायचं. शालनला पुरं यायचं.

ती शिराळ्याची. माहेरी शेती, धातूचा वाराही नाही. लग्न होऊन आली आणि आठवड्यात सासूनं तिला शेगडीपाशी बसवलं, विस्तवाला वारा घालणाऱ्या फुंक्याचा दांडा फिरवायला. शेगडी कोपऱ्यात, त्यामुळे तिची माझ्याकडे पाठ. ती भिंतीकडे तोंड करून दांडा फिरवायची आणि मागं न बघता म्हणायची, "द्या हिकडं. वाजाय लागला."

"अजून दोन घाव बसतील," मी खेकसायचो.

"बसतील की. मग खंडोबा एकीकडं आन् घोडा एकीकडं. दोन घरास्नी द्या."

मी मुकाट पत्रा तिच्या हातात द्यायचो. तिचं कधी चुकलं नाही. लोक मला कारागीर म्हणायचे. अर्धा कारागीर भिंतीकडं तोंड करून बसलेला असायचा. त्याचं नाव कुणी घेतलं नाही. मीही नाही.

परवा सून ओसरीवर पेपर तपासत बसली होती. शोभा तिचं नाव, हायस्कुलात विज्ञान शिकवते. एकदम हसायला लागली.

"मामा, ऐका. प्रश्न हाय, वर्धनीयता म्हणजे काय. एका पोरीनं लिवलंय, 'वर्धनीयता म्हणजे धातूला कितीही ठोकले तरी तो तक्रार करीत नाही.' किती मार्क देऊ?"

"शून्य दे."

तिचं हसू गेलं. "तसं लय चुकलं न्हाई तिचं. पुस्तकात बी तसंच हाय जवळपास. ठोकून पातळ पत्रा करता येतो, तो गुणधर्म."

"कुठवर ठोकायचं, ते हाय का पुस्तकात?"

तिनं पान उलटून बघितलं. खरंच बघितलं, ते मला आवडलं. "न्हाई."

"मग फाडून टाक ते पान."

ती लाल पेन घेऊन बसून राहिली. त्या पोरीला तिनं मार्क दिले की नाही, मी विचारलं नाही. मला त्या पोरीचा राग नव्हता. तिनं घरात जे बघितलं असेल तेच लिहिलं. अशी पोरं ज्या घरांतून येतात त्या घरांचा राग होता, आणि त्यातलं एक घर माझंच होतं.

दोन सालांमागचा भादवा. तो डोळ्यांपुढून जात नाही.

बिरूतात्या आला होता. माणदेशातला धनगर, माझ्याच वयाचा. मेंढरं आता नावाला, डाळिंब जास्त. त्याच्या घोंगड्याला मात्र अजून मेंढराचा वास. चौघं भाऊ त्या साली वेगळे झाले होते. आमच्याकडे वाटणीत देवांची फाडाफाड होत नाही. जुने देव थोरल्याकडे राहतात, बाकीच्यांना नवे करून घ्यावे लागतात. पण ह्यांचे जुनेही झिजून सपाट झालेले. चार चुली, चार देव्हारे, प्रत्येकाला पाच टाक.

"आण्णा, मानसं वायली झाली," तात्या म्हणाला, "आता देव वायलं करा. घटाच्या आत पायजेत."

मी हो म्हणून टाकलं. शालन चहा घेऊन बाहेर आली होती. म्हणाली, "आवं, पंधरा दिसांत वीस टाक? हुतंय का?"

"हुतंय," मी म्हणलं.

"मग हुतंय."

एवढंच बोलणं. त्या 'मग हुतंय'चा मला आज एवढा राग येतो की हातात असेल ती वस्तू आपटावी. का म्हणालीस गं? नाही म्हणायचं. हातातला कप माझ्या अंगावर फेकायचा. तुझं तोंड काय कमी होतं? साध्या पत्र्यासाठी तू माझ्याशी भांडायचीस, चांदी फाटायला नको म्हणून. स्वतःसाठी एकदा तरी तसं बोलायचं.

ते पंधरा दिवस असे गेले की दिवस कुठला, वार कुठला, ध्यानात नाही. वास ध्यानात आहे. चिंचेचं आंबट पाणी, ओली राख, तापलेल्या चांदीवर पाणी पडलं की येणारा एक कोरडा वास. आळीच्या मागं ऊस डोक्याच्या वर गेलेला, त्यात वारा शिरला की कुणीतरी कोरी साडी चोळतंय असं वाटायचं. माझी हातोडी, तिचा फुंका. आणि तिच्या पोटाशी, लुगड्याच्या फडक्यात गुंडाळलेली, शेगडीजवळ गरम केलेली एक वीट.

ती वीट मी बघितली होती. नाही बघितली असं म्हणता येत नाही मला. विचारलंही होतं, "काय झालं?"

"दुखतंय वाईच."

"ओवा खा."

तिनं ओवा खाल्ला. बसल्या जागेवरून उठताना ती भिंतीला हात लावून उठायची, तेही बघितलं होतं. म्हणलं सांधे असतील. ह्या वयात कुणाचे दुखत नाहीत? पुढं ती गेल्यावर दिलीप, म्हणजे माझा पोरगा, भिंतीला रंग द्यायचा म्हणून कोपरा साफ करायला गेला. तिथं कमरेएवढ्या उंचीवर काजळीच्या हाताचे ठसे. एकावर एक, एकावर एक, एवढे की पंजा ओळखू येत नव्हता, नुसता काळा गोळा. मी दिलीपच्या हातातला ब्रश काढून घेतला. तो म्हणाला, "आण्णा, घाण हाय ती." मी त्याला काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही.

विसाच्या वीस टाक झाले. एकही फाटला नाही. तिनं फाटू दिला नाही. घट बसायच्या आदल्या दिवशी तात्या येऊन घोंगड्यात बांधून घेऊन गेला. जाताना म्हणाला, "झ्याक झाल्यात देव." मी छाती काढून उभा होतो. ती आत जाऊन आडवी झाली होती, दिवसाउजेडी. लग्नाला पन्नास वर्षं होत आली होती आणि मी तिला दिवसा आडवी झालेली तेव्हा पहिल्यांदा बघितली. तरी मला कळलं नाही. मी म्हणलं, दमली असेल.

दिवाळीत साताऱ्याला नेलं. डॉक्टरीण पोरसवदा होती, बोलायला चांगली. तिनं विचारलं, "आजी, कधीपासून दुखतंय?"

"भादव्यापास्नं. तसं त्याच्या आदीपास्नं बी."

"मग तेव्हाच का नाही आलात?"

शालन माझ्याकडे बघून हसली. म्हणाली, "देवांचं काम हुतं बाई."

देवांचं! देव काय माझ्या दारात ताटकळत उभे होते? काम माझं होतं. मी हो म्हणालो होतो. तिनं तिथंही मला पाठीशी घातलं, परक्या पोरीसमोर. पुढं आषाढापर्यंत टिकली. त्या आठ-नऊ महिन्यांचं मी काही लिहीत नाही. ते माझं आणि तिचं आहे.

ती गेल्यावर बिरूतात्या आला. घोंगडं अंथरून ओसरीवर तासभर बसला. मला बरं वाटलं, कारण तो सोशीक म्हणाला नाही, देवपण म्हणाला नाही. निघताना काठीवर जोर देऊन उठला आणि म्हणाला, "त्या साली वहिनीनं च्या आणला तवा कप हातातनं निसटला. मी वरच्यावर झेलला. तोंड पांढरंफट्ट पडल्यालं त्यांचं. मला तवाच वाटलं, ह्या बाईला काय तरी हाय."

माझं डोकं फिरलं. "मग तवाच का न्हाई बोललास, गड्या? तोंडात काय मीठ धरलं हुतंस?"

त्यानं माझ्याकडे बघितलं. त्याच्या तोंडावर राग नव्हता, काही नव्हतं. म्हणाला, "तुमी समोर हुता की, आण्णा. मला वाटलं, तुमास्नी ठावं आसंल."

तो गेला. ह्या सगळ्या वर्षात मला कुणी खरं मारलं असेल तर त्या एका वाक्यानं. मी समोर होतो. मला वाटायचं ती वाजलीच नाही, म्हणून मला कळलं नाही. कसं नाही वाजली? कप निसटला तो कसला आवाज होता? वीट, भिंतीवरचा हात, 'दुखतंय वाईच'. एवढं सगळं वाजत होतं. परका धनगर माणदेशातून येऊन ऐकून गेला, आणि मी, पत्र्याचा आवाज ऐकून ज्याचं पोट भरलं तो मी, म्हणालो ओवा खा.

आता ह्या भादव्यात दुसरंच सुरू झालं. वर्ष झालं की मेलेल्या माणसाचा टाक करून देव्हाऱ्यात बसवायची आमच्याकडे रीत. घट बसायच्या आत. भावकी विचारायला लागली, टाक ठोकणाऱ्याच्याच घरात टाक कसा नाही? मी करत नव्हतो. हातोडीला हात लावावासा वाटत नव्हता. शेवटी दिलीप साताऱ्याहून एक डबी घेऊन आला. तो साखर कारखान्यात वेल्डर आहे, सरळ माणूस. डबी उघडून माझ्यापुढे ठेवली. आत मशिनीवर छापलेला टाक, बिस्किटाच्या कागदाएवढा पातळ.

"ही कोण हाय?" मी विचारलं.

"आई."

"हिच्या कानात झुमकं हायत. तुझ्या आईच्या कानात कुड्या हुत्या."

"आण्णा, टाक हाय, फोटू न्हवं. तुमचा हात आता थरथरतोय म्हणून आणला. घट बसाय चार दिस ऱ्हायल्यात."

"तुझ्या आईला डबीत घालून आणलीस व्हय रं?"

तो उठून गेला. त्याच्या डोळ्यातलं पाणी मला दिसलं, तरी मी थांबलो नाही. मागून ओरडलो, "तिला परत देऊन ये!" शोभानं दारातून माझ्याकडे असं बघितलं, जसं वर्गात पोरांकडे बघत असेल.

त्या रागातच मी शेगडी पेटवली. फडताळातला ठसा काढला. आणि तो हातात घेतल्यावर आणखी एक राग आला, जो इतकी वर्षं कधीच आला नव्हता.

माझ्याकडे मेलेल्या पुरुषांचे ठसे तीन आहेत. एक घोड्यावर बसलेला, एक तलवार घेतलेला, एक पागोटं घालून बैठकीत बसलेला. गिऱ्हाईक विचार करून सांगतं, आमचा आजा बैठकीतला होता, आमचा चुलता मिल्ट्रीत होता, त्याला तलवार द्या. बायकांचा ठसा एक. आज्याच्या वेळेचा, ओतीव पितळी. डोक्यावर पदर, हात जोडलेले, मान वाकवलेली. माझी आजी त्यातूनच निघाली, आई त्यातूनच निघाली. तालुक्यातल्या किती घरांतल्या बाया मी त्यातून काढल्या असतील. त्यात भांडकुदळ असतील, हसऱ्या असतील, एखादी ट्रॅक्टर हाकणारी असेल. सगळ्यांना मी मान वाकवायला लावली. कुणी कधी म्हणलं नाही, आमची बाई अशी नव्हती हो. आणि शालन तर हात कमरेवर ठेवून बोलायची. माझ्यापुढे तिनं जन्मात हात जोडले नव्हते.

बरं, देव्हाऱ्यात बसवून तिला सांगणार काय? घर सांभाळ. पोरंबाळं सांभाळ. शेताकडं बघ, दुखणी वार. म्हणजे मेल्यावरही सुट्टी नाहीच.

तरी मी पत्रा ठशावर ठेवला. वर शिसं ठेवलं. आणि ठोकायला लागलो. पदर उठला, कपाळ उठलं. मी ठोकतच राहिलो. कानात बिरूतात्याचं वाक्य, त्यामुळे दुसरं काही ऐकू येईना. शिसं उचलून बघितलं तर मानेपाशी पत्रा उकललेला. साठ वर्षं हातोडी धरलेला हात, आणि पहिल्या वर्षाच्या शिकाऊ पोरासारखी चूक. ताव दिलाच नव्हता. मी पत्रा कोपऱ्यात फेकला, दुसरा घेतला. परत तसाच ठोकत सुटलो. हात जोडलेत तिथं उकलायला लागला असता, पण तेवढ्यात ओसरीवरून आवाज आला.

"मामा, वाजाय लागलाय."

शोभा. मांडीवर पेपरांचा गठ्ठा, डोळे पेपरावर.

"तू तुझं पेपर तपास."

"तपासतेच हाय. पर वाजतोय."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"आत्यांनी शिकवलं. दांडा फिरवताना मला जवळ बसवून घ्यायच्या. म्हणायच्या, डोळं मिट आन् ऐक." तिनं पेनाचं टोपण लावलं. "तुमी कवा बघितलं न्हाई. तुमची पाठ असायची."

पाठ माझी असायची! मला जन्मभर वाटत होतं, पाठ तिची होती.

शोभा उठली. न विचारता शेगडीपाशी बसली, दांडा हातात घेतला. मी पत्रा ठशावरून सोडवला. अर्धवट उठलेला पदर, अर्धवट कपाळ. तो लाकडी मोगरीनं हळूहळू सपाट केला, अगदी कोरा केला, आणि तिच्या हातात दिला. तिनं तो सांडशीत धरून विस्तवावर नेला. पत्रा आधी पिवळट झाला, मग काळपट, मग आतून लाली आली. "पुरे," ती म्हणाली, आणि मी म्हणायच्या आधी पाण्यात सोडला. चर्र झालं. चिंचेच्या पाण्यातून काढला तेव्हा तो दह्यासारखा पांढरा झाला होता.

मी तो ठशावर ठेवला. शिसं ठेवलं. हातोडी उचलली.

आणि नाही मारली.

मला काही साक्षात्कार वगैरे झाला नाही. मी एवढाच विचार केला की आता हा मऊ झालाय. ह्याला ठोकलं की हा परत कडक व्हायला लागणार, आणि तेही कशासाठी, तर मान वाकवून हात जोडायला. मी शिसं बाजूला केलं, हातोडी खुंटीला लावली, ठसा फडक्यात गुंडाळला. पत्र्याच्या कडा तेवढ्या कानसेनं घासल्या, कुणाच्या बोटाला लागू नयेत म्हणून. वर एक नख ओढलं नाही.

घट बसायच्या सकाळी दिलीप आंघोळ करून देव्हाऱ्यापाशी आला. टाक विड्याच्या पानांवर मांडले होते, प्रत्येकाला एक पान. खंडोबा, भवानी, जोतिबा, आजा, आजी, माझा बाप, माझी आई. शेवटच्या पानावर तो कोरा पत्रा. तो बघत राहिला.

"आण्णा, ह्यात आई कुठं हाय?"

"तीच हाय."

"आवं पर ह्याच्यावर काय बी न्हाई. भावकी काय म्हणंल?"

"म्हणू दे. सोशीक म्हणायची तोंडं हायत त्यांची, आजून काय म्हणतील."

शोभा मागं उभी होती. म्हणाली, "आवं, हातात घेऊन तरी बघा."

दिलीपनं पत्रा उचलला. वेल्डरचा हात तो, लोखंड धरायची सवय. बोटांत नुसता धरला, तर पत्रा मधोमध वाकला, आवाज न करता, बोटांना जसं पाहिजे तसा. तो एवढा दचकला की बस्स. पोरगा पन्नाशीला आलाय, पण तोंड एकदम शाळेतल्यासारखं झालं. घाईघाईनं अंगठ्यानं दाबून तो सपाट करायला लागला.

मी त्याचं मनगट धरलं.

"ऱ्हाऊ दे," म्हणलं. "सरळ करू नगंस. ठेव तशीच."

त्यानं ठेवली.